शेवटच्या मापाचं इंजिन

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते फॉर्मवरच. रेशनकार्डाचा फॉर्म, शाळेच्या दाखल्याचा अर्ज, माझ्या कॉलेज प्रवेशाचे कागद. बाबा शाळेची बस चालवतात आणि कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. सलग चार ओळी लिहिल्या तर त्या बऱ्या झाल्या की वाईट, हे सांगणारं घरात कोणी नाही. मला जर्नल लिहिता येतं, म्हणजे उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. ह्या लेखाचा उद्देश मला नीट सांगता यायचा नाही, आणि निष्कर्ष माझ्या हातात नव्हताच. तरी लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

एप्रिलमध्ये डिग्रीच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. टेबलावर मधोमध कापून रंगवलेलं इंजिन ठेवलेलं असतं, पिस्टन निळे, पाण्याच्या वाटा हिरव्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर पेन टेकवून विचारलं, लहान चार सिलिंडरचं इंजिन आहे, खर्च फार करायचा नाही आणि ताकद वाढवायची आहे, तर काय काय कराल? उत्तर मला पाठ होतं. पाठ म्हणण्यापेक्षा हाताला ठाऊक होतं. पण त्या क्षणी नाकात सुक्या बोंबलांचा वास भरला, कुणीतरी मागून "ए नित्या, पाना दे" म्हणाल्यासारखं झालं आणि मी गप्प राहिलो. परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यांना वाटलं असणार, ह्याला येत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. आम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. मी नवघरचा, रीना उत्तनची. मेकॅनिकलच्या वर्गात तीनच मुली होत्या, आणि वर्कशॉपमध्ये हात काळे करायला न कचरणारी त्यातली ही एक. कचरायचो मी. मला आकृत्या छान काढता यायच्या. ती म्हणायची, नित्याचं इंजिन कागदावर एक नंबर चालतं, पेट्रोलसुद्धा लागत नाही.

तिच्या वडिलांची, पास्कल अंकलची, एक लहान होडी होती आणि एक जुनी पेट्रोल जीप. ही जीप त्यांनी किनाऱ्यावर पर्यटक फिरवणाऱ्या कुणाकडून तरी घेतली होती. चारही चाकं ओढणारी, अंगाने हलकी, तेराशे सीसीचं इंजिन. घेतली होती एकाच कामासाठी. मे संपता संपता मासेमारी थांबते आणि होड्या वाळूवरून वर, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी ओढून घ्याव्या लागतात. हे काम वर्षानुवर्षं माणसांनी केलंय. खाली फळ्या टाकायच्या, दोर धरायचा आणि एका आवाजात ओढायचं. आज ह्याची होडी, उद्या त्याची. ज्याची होडी वर आली त्याच्या घरी सगळे जेवतात.

पास्कल अंकलची पाठ गेली होती. दोन वर्षं त्यांना कुणाच्या दोराला हात लावता आला नव्हता. आणि त्यांचं म्हणणं असं की, आपण ज्याच्या दोराला गेलो नाही त्याला आपल्या दोराला बोलवायचं नाही. माणसं न बोलावता आली असती. रीना हे त्यांना शंभर वेळा सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि जाळं शिवत बसायचे. आदल्या मे महिन्यात त्यांनी जीप लावून पाहिली होती. मऊ वाळूत होडी जेमतेम हलली, इंजिन धापा टाकत बंद पडलं, आणि शेवटी अंधार पडायच्या आत कुठल्या तरी ट्रॅक्टरवाल्याला आणावं लागलं. त्यानंतर ते घरात म्हणाले होते की पुढच्या वर्षी स्वतःच्या जोरावर वर आली तर होडी ठेवणार, नाही तर विकणार. मार्था आंटींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या कोळंबी सोलत होत्या, आणि सांगताना त्यांचे हात थांबले नाहीत.

म्हणून रीनाने ठरवलं की इंजिन खोलायचं. आणि मला म्हणाली, तूही ये, तुझ्या आकृत्या एकदा प्रत्यक्षात बघ.

उत्तनच्या त्या अंगणाचं वर्णन मला करता येणार नाही. तरी सांगतो. एका बाजूला बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, जबड्यात जबडा अडकवून. दुसऱ्या बाजूला क्रूस, त्याला झेंडूची माळ. मधे आंब्याखाली जीप, बॉनेट काढलेली. इंजिन आम्ही साखळीने झाडाच्या फांदीलाच टांगून वर घेतलं. अंकल खुर्चीवरून बघत होते, फांदी करकरली तेव्हा म्हणाले, इंजिन पडला तर चालेल, माझा आंबा मोडायचा न्हाय.

ताकद वाढवायची म्हणजे काय करायचं, ह्यावर आमचं पहिलं भांडण झालं. मी वाचून आलो होतो. मला मोठं काहीतरी हवं होतं, वेगळा कॅमशाफ्ट वगैरे. रीना म्हणाली, ही काय शर्यतीत पळवायचीय? मला वेग नकोय, इंजिन हळू फिरतानाच दम पाहिजे. तिने वहीत साधा बेत लिहिला. सिलिंडर झिजलेत, ते आतून कातून अर्धा मिलिमीटर मोठे करायचे आणि त्या मापाचे पिस्टन घालायचे. वरचं हेड खालच्या अंगाने थोडं घासून घ्यायचं, म्हणजे आतला वायू जास्त दाबला जातो. व्हॉल्व्ह हाताने घासून नीट बसवायचे. कार्बुरेटर भंगारातून, थोड्या मोठ्या गाडीचा. एवढंच. कॅमशाफ्टला हात लावायचा नाही. वाचलेलं सगळं माझं होतं, पण बेत तिचा बरोबर होता.

व्हॉल्व्ह घासण्याचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. लाकडी दांड्याला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत दांडा धरून ताक घुसळल्यासारखं फिरवायचं. सुरुवातीला खरखर येते. मग ती बारीक होत जाते आणि अचानक गुळगुळीत होते, तेव्हा कळतं की बसला. सोळा व्हॉल्व्ह. आठ तिने, आठ मी. ती बोलत राहायची आणि मी ऐकत. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कुणाशेजारी गप्प बसलो नव्हतो आणि इतकं बरंही वाटलं नव्हतं.

आता माझी चूक. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात बोअरिंगचं काम करणारे एक वयस्कर चाचा होते. त्यांच्याकडून ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा ओतीव ठोकळा, कातून आणला तो पवित्र आठवड्यातल्या बुधवारी. सिलिंडरच्या आतल्या भिंती अशा लखलखत होत्या की तोंड दिसावं. गुरुवारपासून ईस्टरपर्यंत त्या घरात हत्याराला हात लागत नाही. सगळे चर्चला, उपास, शुक्रवारी तर रेडिओसुद्धा बंद. रीना आंघोळीला पळाली आणि जाताना म्हणाली, ब्लॉकला तेल लावून गुंडाळून ठेव. तेल मी लावलं, घाईत, थोडं. गुंडाळायला काही सापडेना म्हणून वलांडीजवळ पडलेली सुती चादर घेतली. स्वच्छ दिसत होती. रात्री दव पडू नये म्हणून ती सुक्या मासळीवर घालत. वर्षानुवर्षांचं मीठ तिच्या धाग्याधाग्यात मुरलेलं होतं.

सोमवारी चादर सोडली तर चारही सिलिंडरांत तांबूस ठिपके. घासून बघितले, गेले नाहीत. गंज आत उतरला होता.

अंकल काठी टेकत आले, आत बोट फिरवून पाहिलं, बोट नाकाशी नेलं, चादरीकडे पाहिलं. कुणी गुंडाळला म्हणाले. माझं तोंड उघडायच्या आत रीना म्हणाली, "आम्ही दोघांनी गुंडाळला."

अंकल एवढंच म्हणाले की दोघं इंजिनियर होणार, मग देवच राखो गाड्यांना. आणि परत खुर्चीवर जाऊन बसले. माझ्या डोक्यात मात्र ते "आम्ही दोघांनी" राहिलं. चूक एकट्या माझी होती. तिने सहज त्यातली अर्धी उचलली, पिशवीचा एक बंद धरावा तशी. पुढे मी ते वाक्य कितीदा आठवलंय हे सांगायला लाज वाटते.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. माझे आजोबा आयुष्यभर मिठागरात राबले, पायांच्या भेगांत मीठ घेऊन गेले. आई म्हणाली, तुझ्या आजोबांची फावडी दर दोन वर्षांनी गंजून जायची, आणि तू मिठाच्या फडक्यात लोखंड बांधलंस? कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं.

पुन्हा गाळ्यात गेलो. चाचांनी ब्लॉक फिरवून पाहिला, भिंतीची जाडी मोजली. गंजाचे खड्डे घालवायचे तर आणखी कातावं लागणार होतं, म्हणजे एकूण एक मिलिमीटर. त्या इंजिनाला त्यापुढचं माप नव्हतं. त्यापुढे भिंत इतकी पातळ होते की तापून फुटते. ते यंत्र लावता लावता म्हणाले, "बेटा, ये इसका आखरी है. इसके बाद मत लाना."

पिस्टनवाल्या शेठने कुरकुर करत पिस्टन बदलून दिले. परत येताना रिक्षात ब्लॉक आमच्या दोघांच्या पायांशी होता. मी म्हटलं, माझ्यामुळे ह्याचा एक जन्म वाया गेला. रीना म्हणाली, जन्मबिन्म काही नाही, अर्धा मिलिमीटर मोठं झालंय, थोडी ताकद फुकट मिळाली. ती खोटं बोलत नव्हती. पण रिक्षाबाहेर बघून बोलत होती.

इंजिन जुळवून सुरू झालं त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. धूर आला, मग गेला. खरे दिवस त्यानंतरचे. नवे पिस्टन, नव्या रिंगा, म्हणजे त्या नीट बसेपर्यंत पहिले काही शे किलोमीटर हळू चालवायचं, जोर द्यायचा नाही, एका वेगात फार वेळ ठेवायचं नाही. आमचे पेपर चालू होते. पेपर नसेल त्या संध्याकाळी आम्ही जीप काढायचो, उत्तनहून भाईंदर, काशीमिरा, वरसावे, घोडबंदर आणि परत. दोघांना एकटं सोडणं मार्था आंटींना मान्य नव्हतं, त्यामुळे त्या मागे बसायच्या, मांडीवर सुक्या मासळीची टोपली. वरसाव्याला त्यांची बहीण राहते. पंधरवड्यात त्या बहिणीच्या घरी इतकी मासळी पोचली की ती म्हणाली, मार्था, तुझा इंजिन कधी बसणार गं, माझ्या घरात उंदीर झाले.

मागून ट्रक हॉर्न मारायचे. दुचाकीवाले वाकून बघायचे की बिघडलीय का. रीना हसून त्यांना पुढे जायचा हात करायची. घोडबंदरला खाडीच्या कडेला थांबायचो, बॉनेट उघडून इंजिन निवू द्यायचो. ती लांब पेचकसचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायची, मग मला द्यायची. तिच्या कानाची ऊब त्या मुठीला असायची. मला आतलं काही ऐकू यायचं नाही. मी मान हलवायचो, बरोबर आहे म्हणायचो.

अशाच एका संध्याकाळी आंटी मागे डुलक्या घेत होत्या. रीना चालवत होती. तिने जहाजावरच्या इंजिनियरिंगच्या कोर्सचा फॉर्म आणला होता, स्वतःचा भरला होता. दुसरा कोरा फॉर्म तिने माझ्या मांडीवर टाकला.

"तू पण भर."

मी म्हटलं, घरी विचारतो.

"पोहता येतं का?"

"नाही."

"मग ते घरी विचारू नको. बाकी विचार."

ती हसली आणि गिअर बदलला. तो फॉर्म मी घडी करून वहीत ठेवला. घरी विचारलं नाही. आज विचारू, पेपर संपल्यावर विचारू, असं करत शेवटची तारीख गेली. कारणं होती माझ्याकडे. आमच्या घरात कुणी समुद्रावर गेलं नव्हतं, मी इतका लांब कधी राहिलो नव्हतो, इंग्रजी कच्चं होतं. पण खरं सांगायचं तर मला भीती घरच्यांच्या नकाराची नव्हती. ते हो म्हणतील ह्याची होती. दोन वर्षांनी जुन्या वह्या आवरताना आईला तो फॉर्म सापडला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "विचारायचं होतंस रे. आम्ही काय नाही म्हणालो असतो?" आणि तिने तो रद्दीत घातला नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. अजून तिथेच आहे.

होडी ओढायचा दिवस. ऊन उतरलं होतं, ओहोटीची वेळ. रीनाने चारही चाकांतली हवा कमी केली. दोर बांधायचं काम अंकलनी कुणाला करू दिलं नाही. गाठ मारली, एकदा ओढून बघितली आणि बाजूला जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांना बघायचं नव्हतं. मी होडीच्या बाजूला फळ्या सरकवायला. रीना जीपमध्ये बसली.

दोर ताणला तसा इंजिनाचा आवाज खाली गेला. इतका खाली की एकेका सिलिंडरचा ठोका मोजता यावा. मला वाटलं, बंद पडलं. पडलं नाही. तसाच खोल, संथ ठोका चालू राहिला आणि होडी सरकली. एक हात. मग आणखी. फळी काढ, पुढे टाक. शेजारच्या होड्यांवरची माणसं काम थांबवून बघत होती. मग एक म्हातारा उठून आला आणि होडीच्या कुशीला तळवा लावून चालू लागला. ओढत नव्हता. ती एका अंगावर कलू नये म्हणून नुसता हात. मग दुसरा आला. मग पाच-सहा जण दोन्ही बाजूंनी, होडीबरोबर चालत. बोलावलं कुणीच नव्हतं. होडी जागेवर पोचली तेव्हा रीनाने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अंकल वळले. त्या माणसांना बघितलं. ते म्हणाले, जेवायला या.

मार्था आंटींनी सकाळपासूनच पंधरा जणांचं जेवण करून ठेवलं होतं.

जूनमध्ये रीना कोर्सला गेली. जाताना स्टेशनवर येऊ का विचारलं, तर म्हणाली, नको, मग मी रडेन आणि पप्पा तुला धरतील. मी गेलो नाही. सांगितलं तेवढंच ऐकायची मला सवय. सुरुवातीला मेसेज यायचे, मशिनरूमचे फोटो, माझ्या डोक्याएवढ्या नटांचे फोटो. मी "मस्त" लिहायचो. दुसरं काय लिहावं ते सुचायचं नाही. दहा वेळा खोडून शेवटी "मस्त". मग ती जहाजावर गेली, मेसेज विरळ झाले. दोष तिचा नाही. "मस्त"ला पुढे काय उत्तर देणार कुणी.

पण दर मे महिन्यात पास्कल अंकलचा फोन यायचा. दोन वर्षं आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "आली वर," एवढंच म्हणायचे आणि ठेवायचे. त्या दोन शब्दांची मी मार्चपासून वाट बघायचो. शेवटच्या मापाचं इंजिन. कुठल्या वर्षी धूर टाकेल, कुठल्या वाळूत भिंत फुटेल, हे सांगता येत नाही. आणि फुटली तर त्या चादरीमुळे, माझ्यामुळे. अंकल होडी विकतील आणि कारण मी असेन. अभ्यासाला बसलो की मधेच मला तो संथ ठोका ऐकू यायचा आणि मी मनात तो मोजत राहायचो. घोडबंदरला बस थांबली की खाडीकडेच्या त्या जागेकडे मान वळायची. तिथे आता कुणी वडापावची गाडी लावतं.

ह्या वर्षी मे संपत आला तरी फोन नाही. मी दोनदा नंबर काढला आणि लावला नाही. उत्तनच्या बसच्या थांब्यावर एकदा जाऊन उभा राहिलो, बस आली, गेली. माझ्या मनात इंजिन फुटलंच होतं.

परवा दुपारी शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलो. उन्हात डोळे दिपले होते, मोबाइल चालू केला आणि फोन वाजला. पास्कल अंकल. मी वाट न बघता विचारलं, अंकल, आली वर?

"न्हाय," ते म्हणाले. "होरी दिली मी. अर्नाळ्याच्या एकाला. ईस्टरच्या आधीच नेली त्याने."

मी विचारलं, इंजिन गेलं ना?

"इंजिनाला काय झालाय? आज सकाळीच चालू केला, एका सेल्फला लागला. माझा पाय आता होरीत चढत न्हाय, म्हणून दिली." मागे कुठेतरी मार्था आंटी काहीतरी म्हणत होत्या. "इंजिन तुमचा बरोबर हाय रे. ओढायला काय न्हाय, बस. रीनाचा काल जहाजावरून फोन होता. ती बोलली, नित्या वाट बघत असेल, त्याला तुम्हीच सांगा."